तेलवाल्यांनी इलेक्ट्रिक टॅक्सी मारली म्हणे! मेली खरी, पण मारणारे घरचेच होते

गेले काही महिने एक फॉरवर्ड फिरतोय, व्हॉट्सअॅपवर, फेसबुकवर, आता तर त्याचं रील पण आलंय, मागे ते ढॅण ढॅण म्युझिक लावून. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी मजकूर साधारण असा:

"तुम्हाला माहीत आहे का? १९०० साली न्यूयॉर्कच्या सगळ्या टॅक्सी इलेक्ट्रिक होत्या! इलेक्ट्रिक व्हेईकल कंपनीच्या या गाड्या एका चार्जमध्ये १०० मैल जायच्या. धूर नाही, आवाज नाही, एकही अपघात नाही. मग रॉकफेलर आणि हेन्री फोर्ड यांनी पेटंट विकत घेऊन दाबून टाकलं, कंपनी बंद पाडली आणि जगाला १०० वर्षं पेट्रोलच्या मागे लावलं. हे तुम्हाला शाळेत शिकवणार नाहीत. पुढे पाठवा."

आता गंमत अशी की कंपनी खरी आहे. नाव खरं, टॅक्सी खऱ्या, पेटंटची भानगड तर शंभर टक्के खरी. १८९७ मध्ये सुरू झाली, १९०७ च्या डिसेंबरमध्ये दिवाळं निघालं, म्हणजे जेमतेम १० वर्षांचा खेळ. आणि तिची खरी गोष्ट या फॉरवर्डपेक्षा कितीतरी भारी आहे, फक्त यात ज्याला व्हिलन केलंय आणि ज्याला बिचारा केलंय त्यांची अदलाबदल झालीये. म्हणून एकेक वाक्य घेऊन बघू.

"न्यूयॉर्कच्या सगळ्या टॅक्सी इलेक्ट्रिक होत्या"

मोटारच्या टॅक्सी म्हणाल तर जवळपास बरोबर. फिलाडेल्फियाचे हेन्री मॉरिस आणि पेड्रो सॅलोम, एक मेकॅनिकल इंजिनिअर आणि दुसरा केमिस्ट, या दोघांनी १८९४ मध्ये बॅटरीवर चालणारी गाडी बनवली, तिचं नाव इलेक्ट्रोबॅट. पुढे १८९७ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमध्ये डझनभर कॅब रस्त्यावर आणल्या, आणि त्याच वर्षी आयझॅक राइस नावाच्या गृहस्थाने हा सगळा धंदा उचलून इलेक्ट्रिक व्हेईकल कंपनी काढली. राइस हा वकील, आणि इलेक्ट्रिक स्टोरेज बॅटरी कंपनीचा प्रमुख. म्हणजे टॅक्सी चालल्या की बॅटऱ्या खपणार हा साधा हिशोब. (हीच ती बॅटरी कंपनी जिने १९०० मध्ये एक्साइड हे नाव बाजारात आणलं. आपल्याकडची एक्साइड ही कंपनी म्हणून वेगळी, पण इन्व्हर्टरवर जे नाव वाचतो ते मूळचं तिथलं.) हा राइस बुद्धिबळाचा जबरदस्त वेडा होता, राइस गॅम्बिट नावाची ओपनिंग त्याच्याच नावाची आहे, त्यात पांढरा सुरुवातीलाच घोडा देऊन टाकतो. रस्त्यावरचे घोडे घालवायला निघालेल्या माणसाला शोभणारीच चाल, असो.

तर १८९९ पर्यंत न्यूयॉर्कमध्ये या कॅब शंभराच्या घरात गेल्या होत्या. पण भाड्याच्या घोडागाड्या तेव्हा तिथे हजारोंनी होत्या. सामान्य माणूस हात करायचा तो घोडागाडीलाच, आणि त्याहून सामान्य माणूस ट्रामने किंवा पायी जायचा. त्यामुळे "सगळ्या टॅक्सी" हे वाक्य सुतावरून स्वर्ग गाठण्यातला प्रकार आहे.

फॉरवर्डच्या काही आवृत्त्यांमध्ये "अमेरिकेतली तीनातली एक गाडी इलेक्ट्रिक होती" असं पण येतं, ते मात्र फार चुकीचं नाही. १९०० च्या जनगणनेच्या आकड्यांनुसार त्या वर्षी अमेरिकेत ४,१९२ मोटारी बनल्या, त्यातल्या १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या आणि ९३६ पेट्रोलच्या. म्हणजे पेट्रोल तिसऱ्या नंबरवर. पण पहिल्या नंबरवर वीज नाही, वाफ आहे, आणि वाफेच्या गाड्या कोणी मारल्या यावर एकही फॉरवर्ड येत नाही याचं मला जरा आश्चर्यच वाटतं. शिवाय आख्ख्या देशात वर्षाला चार हजार गाड्या, हा आकडा लक्षात घ्या. एवढ्याशा बाजारात पुढे कोण जिंकणार हे तेव्हा कोणालाच सांगता आलं नसतं.

"एका चार्जमध्ये १०० मैल"

नाही हो. पहिली इलेक्ट्रोबॅट दोन टनांच्या आसपास होती आणि त्यातली ७०० किलोच्या वर नुसती बॅटरी, शिशाची. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. पुढची सुधारलेली गाडी बरीच हलकी झाली, ती तासाला २० मैल वेगाने साधारण २५ मैल जायची, म्हणजे आपले ४० किलोमीटर. शहरातल्या कॅबला ते पुरेसं होतं हे मान्य, पण १०० मैल ही दुसऱ्याच कोणाची तरी गोष्ट इथे चिकटवली आहे. डेन्व्हरला ऑलिव्हर फ्रिचली नावाचा एक जण होता, तो आपली गाडी "१०० मैलवाली" म्हणून विकायचा आणि १९०८ मध्ये ती घेऊन नेब्रास्कातल्या लिंकनपासून न्यूयॉर्कपर्यंत खरंच गेला. तोपर्यंत आपल्या या कंपनीचं दिवाळं निघून वर्ष होत आलं होतं.

पण या बॅटरीच्या बाबतीत कंपनीने जे केलं ते फॉरवर्डवाल्याने लिहिलंच नाही, आणि लिहायला हवं होतं तेच. गाडी चार्जिंगला तासन्‌तास उभी राहिली तर टॅक्सीचा धंदा होणार कसा? म्हणून यांनी चार्जिंग गाडीत ठेवलंच नाही. ब्रॉडवेवर एका जुन्या स्केटिंग रिंकच्या इमारतीत त्यांनी सेंट्रल स्टेशन उभं केलं. कॅब उलटी येऊन ठरलेल्या जागी बरोबर लावायची, मग हायड्रॉलिकने आख्खा बॅटरीचा ट्रे बाहेर ओढायचा, वरून क्रेन यायची आणि तो अर्ध्या टनाच्या वरचा ट्रे उचलून चार्जिंगच्या खोलीत नेऊन ठेवायची, आणि दुसरा भरलेला ट्रे कॅबमध्ये ढकलायचा. दोन-तीन मिनिटांत कॅब परत रस्त्यावर. आज आपल्याकडे डिलिव्हरीच्या पोरांच्या स्कूटरला बॅटरी बदलून देणारी मशीन कोपऱ्याकोपऱ्यावर दिसतात, त्याला आपण स्टार्टअप म्हणतो, आणि हे लोक १८९८ च्या आसपास गॅसच्या दिव्यांच्या जमान्यात ते करत होते. सलाम आहे.

आणि गाडी विकायचीच नाही, गाडी, बॅटरी, ड्रायव्हर, दुरुस्ती सगळं कंपनीचं, गिऱ्हाइकाने फक्त भाडं द्यायचं, हा त्यांचा मूळ विचार होता. मॉरिस आणि सॅलोमना बॅटरीचा स्वभाव माहीत होता. ती अनाडी माणसाच्या हातात दिली की मरते हे त्यांनी ओळखलं होतं म्हणूनच हा सगळा घाट. हे डोक्यात ठेवा, पुढे इथेच घोडं पेंड खाणार आहे.

"एकही अपघात नाही"

हे वाचून तर मी हसलोच. अमेरिकेत मोटारीखाली सापडून मेलेला पहिला माणूस म्हणून ज्याची नोंद आहे तो हेन्री ब्लिस, तो या कंपनीच्याच टॅक्सीखाली गेला. १३ सप्टेंबर १८९९, न्यूयॉर्क, सेंट्रल पार्क वेस्ट आणि ७४ व्या रस्त्याचा कोपरा. ट्राममधून उतरला आणि इलेक्ट्रिक कॅबने उडवलं, दुसऱ्या दिवशी गेला. ड्रायव्हरला अटक झाली, पुढे सुटला. त्या जागी आज चक्क पाटी आहे.

आणि त्याच वर्षी २० मे रोजी जेकब जर्मन नावाच्या ड्रायव्हरला लेक्झिंग्टन अॅव्हेन्यूवर ताशी १२ मैल, म्हणजे १९ किलोमीटरच्या "भन्नाट" वेगाने गाडी हाकल्याबद्दल सायकलवरच्या पोलिसाने पकडून आत टाकलं. अमेरिकेतली वेगाबद्दलची पहिली अटक हीच मानतात. हा ड्रायव्हर कोणाचा? याच कंपनीचा. म्हणजे पहिला ओव्हरस्पीडिंगवाला आणि पहिला अपघाती मृत्यू, दोन्ही मान एकाच कंपनीकडे, आणि फॉरवर्ड म्हणतो अपघात नाही. आवाज नाही हे मात्र खरं, आणि ट्रामबाहेर पाय टाकणाऱ्या माणसासाठी ती काही फार चांगली गोष्ट नव्हती.

"रॉकफेलरने बंद पाडली"

हा मुद्दा सगळ्यात जास्त लाइक खातो म्हणून जरा नीट. १९०० मध्ये रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइलचा मुख्य माल कोणता? रॉकेल. दिव्यात घालायचं रॉकेल. पेट्रोल हे रॉकेल काढताना निघणारं आनुषंगिक प्रकरण होतं, त्याला म्हणावं तसं गिऱ्हाईक नव्हतं. देशात मोटारी वर्षाला ४,०००, त्यातल्या पेट्रोलच्या हजारसुद्धा नाहीत, मग त्या मूठभर गाड्यांच्या पेट्रोलसाठी जगातली सगळ्यात मोठी तेल कंपनी टॅक्सीवाल्यांच्या मागे कशाला लागेल? स्टँडर्ड ऑइलला विजेची भीती होतीच, पण ती विजेच्या दिव्याची. आणि रॉकफेलर स्वतः तोपर्यंत रोजच्या कारभारातून बाजूला झाला होता.

टेक्सासला स्पिंडलटॉपची विहीर फुटली ती १० जानेवारी १९०१ ला. स्वस्त तेलाचा पूर आला तो त्याच्यानंतर. पण इलेक्ट्रिक व्हेईकल कंपनीचा गाशा गुंडाळायला सुरुवात झाली होती ती त्याच्या आधीच, १९०० मध्येच तिची अवस्था बिकट होती. स्टँडर्ड ऑइल काही साधुसंत नव्हती, १९११ मध्ये सुप्रीम कोर्टाने तिचे तुकडे केले ते उगाच नाही. पण म्हणून जगातलं प्रत्येक पाप तिच्या खात्यावर मांडायचं म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं झालं.

"फोर्डने पेटंट विकत घेऊन दाबून टाकलं"

इथे तर फॉरवर्डने कमाल केलीये, गोष्ट शब्दशः उलटी केली आहे. पेटंट विकत घेतलं ते इलेक्ट्रिक व्हेईकल कंपनीने. ते पेटंट इलेक्ट्रिक गाडीचं नव्हतंच, पेट्रोल गाडीचं होतं. आणि त्या पेटंटने ज्याचा गळा धरला त्यांच्यातला एक हेन्री फोर्ड होता.

झालं असं. रॉचेस्टरला जॉर्ज सेल्डन नावाचा पेटंटचा वकील होता. त्याने १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात ब्रेटन नावाच्या माणसाचं इंजिन बघितलं, आणि ८ मे १८७९ ला त्याने "अशा इंजिनावर चालणारी रस्त्यावरची गाडी" या आख्ख्या कल्पनेवर पेटंटचा अर्ज टाकला. गाडी बनवली नव्हती बरं का. मग याने काय केलं, अर्ज मंजूर होऊच दिला नाही. पेटंट ऑफिसने काही विचारलं की शक्य तितका वेळ लावून उत्तर द्यायचं, थोडा बदल करायचा, परत पाठवायचं, असं तब्बल १६ वर्षं. कारण तेव्हा पेटंटची १७ वर्षं मंजुरीच्या दिवसापासून मोजायचे, आणि १८७९ मध्ये मोटारीच नाहीत तर पेटंट घेऊन करायचं काय? शेवटी ५ नोव्हेंबर १८९५ ला, मोटारींचा धंदा सुरू होताना दिसायला लागल्यावर, त्याने ते पदरात पाडून घेतलं. माणूस वकील होता हे मी सांगितलंच.

१८९९ च्या नोव्हेंबरमध्ये इलेक्ट्रिक व्हेईकल कंपनीने सेल्डनला १०,००० डॉलर आणि पुढच्या रॉयल्टीत वाटा देऊन हे पेटंट आपल्याकडे घेतलं. विजेच्या गाड्यांची कंपनी, आणि पेट्रोलच्या गाड्यांचं पेटंट! लगेच १९०० मध्ये क्लीव्हलंडच्या विंटनवर दावा ठोकला, तो तेव्हाचा मोठा पेट्रोल गाडीवाला. तीन वर्षं खेचाखेची झाली आणि १९०३ मध्ये बाकीच्या कारखानदारांनी तह केला, परवानाधारक कारखानदारांची एक संघटना काढली आणि प्रत्येक पेट्रोल गाडीच्या किमतीवर सव्वा टक्का द्यायचं कबूल केलं. त्या पैशाचे पाच भाग, दोन इलेक्ट्रिक व्हेईकल कंपनीला, दोन संघटनेला, एक सेल्डनला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बऱ्याचशा पेट्रोल गाड्यांमागे विजेच्या गाड्यांची कंपनी टोल घेत बसली होती. जेवढ्या पेट्रोल गाड्या जास्त खपणार तेवढा हिचा फायदा! आणि ही म्हणे पेट्रोल लॉबीची बळी.

फोर्ड मोटर कंपनी निघाली १६ जून १९०३ ला. फोर्डने या संघटनेत शिरायची चाचपणी केली तर त्याला दाद दिली नाही, हा काय नुसते सुटे भाग जोडणारा म्हणून. मग त्याने पैसे द्यायला साफ नकार दिला आणि इलेक्ट्रिक व्हेईकल कंपनीने ऑक्टोबर १९०३ मध्ये त्याच्यावर केस टाकली. ती आठ वर्षं चालली. मधे सेल्डनवाल्यांनी कोर्टाला दाखवायला मूळ नकाशांवरून गाडी बनवून आणली आणि तिच्यावर "१८७७" असा आकडा रंगवला, गाडी बनवली १९०७ च्या सुमारास. या चलाखीला काय म्हणावं! १९०९ मध्ये खालच्या कोर्टाने निकाल सेल्डनच्या बाजूने दिला, आणि ९ जानेवारी १९११ ला अपील कोर्टाने सांगितलं की पेटंट खरं आहे, पण ते ब्रेटनच्या धर्तीच्या इंजिनापुरतं, आणि फोर्ड काय किंवा बाकीचे काय, सगळे ऑटो नावाच्या जर्मन माणसाच्या धर्तीचं इंजिन वापरतात, त्यामुळे कोणीच पेटंट मोडलेलं नाही. खेळ खलास. पेटंटची मुदत तशीही १९१२ मध्ये संपणारच होती. या निकालाच्या नावात इलेक्ट्रिक व्हेईकल कंपनी नाहीच, कोलंबिया मोटर कार कंपनी आहे, कारण निकाल लागेपर्यंत मूळ वादी मरून तिच्या जागी वारस उभी होती.

आता कोणी म्हणेल, पेटंटचं जाऊ दे, पण फोर्डच्या स्वस्त गाडीने तर मारलं ना? तारखा बघा. दिवाळं डिसेंबर १९०७. मॉडेल टी बाजारात आली १ ऑक्टोबर १९०८ ला. आणि ती गाजलेली फिरती असेंब्ली लाइन १९१३ ची. मेलेल्याला कोण मारणार?

मग बंद का पडली?

बॅटरी आणि हाव, याच क्रमाने पण हातात हात घालून.

१८९९ पर्यंत धंदा छोटा होता आणि बरा चालला होता. त्या वर्षी विल्यम व्हिटनी यात आला. हा अमेरिकेचा माजी नौदलमंत्री आणि न्यूयॉर्कच्या ट्रामचा मोठा मालक, बरोबर थॉमस फॉर्च्यून रायन, वाइडनर वगैरे ट्रामवाली मंडळी. या लोकांचा ट्रामचा खाक्या ठरलेला होता: शहराशहरात कंपनी काढायची, एकमेकींच्या गळ्यात घालायची, शेअर विकायचे, भाव चढवायचा. तोच त्यांनी इथे लावला. हार्टफोर्डचा सायकलसम्राट अल्बर्ट पोप याचा कोलंबिया मोटारींचा कारखाना यात ओढला, हजारो कॅब बनवायच्या घोषणा झाल्या, बॉस्टन, शिकागो, फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन अशा कंपन्या निघाल्या. भांडवलाचे आकडे असे की ऐकून चक्कर यावी. मोटारींचं एक नियतकालिक तर हिला "शिसे कॅब ट्रस्ट" म्हणून झोडपायचं, आणि खरं सांगायचं तर ते बरोबर होते.

कारण बॅटरीला शेअरचा भाव कळत नाही. शिशाच्या बॅटरीत पट्ट्यांवर जो लेप असतो तो दर चार्ज-डिस्चार्जला थोडा थोडा सुटतो, आणि दगडी फरसबंदीच्या रस्त्यावर कॅब खडखडत गेली की आणखी सुटतो. तो गाळ भांड्याच्या तळाशी साठत जातो, साठता साठता पट्ट्यांना टेकला की आतल्या आत शॉर्ट, तो सेल गेला. म्हणजे ठराविक दिवसांनी प्रत्येक सेल उघडा, धुवा, आम्ल तपासा, पाणी घाला, पट्टी वाकली असेल तर बदला. एका कॅबमध्ये असे डझनावारी सेल. न्यूयॉर्कच्या स्टेशनात मॉरिस-सॅलोमच्या तालमीत तयार झालेली माणसं हे करत होती. पण नव्या शहरांत एकदम ढीगभर कॅब उतरवल्या, तिथे हे जाणणारी माणसं आणणार कुठून? बॅटऱ्या पूर्ण पिळून काढल्या जायच्या, चार्जिंग अर्धवट, साफसफाई बोंबललेली. वरून गाडी जड, त्यामुळे टायर सारखे फुटणार, आणि त्या काळचे हवेचे टायर म्हणजे खर्चाचं भोकच. एका कॅबची कमाई आणि तिच्या बॅटरी-टायरचा खर्च यांचा मेळ बसेना.

त्यात १८९९ च्या अखेरीस न्यूयॉर्क हेराल्डने छापलं की कंपनीने गैरमार्गाने कर्ज उचललंय. शेअर आपटले. १९०१ मध्ये बॉस्टन आणि शिकागोची दुकानं बंद झाली. न्यूयॉर्कचं टॅक्सीचं काम तेवढं वेगळ्या कंपनीच्या नावाने चालू राहिलं. आणि हार्टफोर्डच्या कारखान्याने काय सुरू केलं? पेट्रोलच्या गाड्या! कोलंबिया नावाने, विजेच्या गाड्यांबरोबरच. विजेच्या गाड्याही चांगल्याच बनायच्या, १९०२ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हार्टफोर्डमध्ये लोकांसमोर याच कंपनीच्या इलेक्ट्रिक व्हिक्टोरियात बसून फिरले. पण तोवर गिऱ्हाईक ६५० डॉलरच्या हलक्या ओल्ड्समोबीलकडे वळायला लागलं होतं.

मग १९०७ आलं आणि सगळंच एकदम आलं. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कमध्ये बँका हादरल्या, कर्ज मिळेना, रॉयल्टीही वेळेवर येईना. त्याच महिन्यात हॅरी अॅलन नावाच्या माणसाने फ्रान्सहून आणलेल्या ६५ पेट्रोल टॅक्सी, मीटर लावलेल्या, न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उतरवल्या. डिसेंबरात इलेक्ट्रिक व्हेईकल कंपनी कोर्टाने नेमलेल्या माणसांच्या ताब्यात गेली. १९०९ मध्ये ती कोलंबिया मोटर कार कंपनी म्हणून परत उभी राहिली, पुढच्या वर्षी बेंजामिन ब्रिस्कोच्या युनायटेड स्टेट्स मोटर कंपनीत गेली, आणि तीसुद्धा १९१२ मध्ये बुडाली. बुडत्याचा पाय खोलात.

मला विचाराल तर वाईट वाटतं ते मॉरिस आणि सॅलोमचं. डझनभर कॅब, एक स्टेशन, माहितगार माणसं, एवढंच हळूहळू वाढवत नेलं असतं तर काय झालं असतं कोण जाणे. पण पैसेवाल्यांना घाई होती.

"जगाला १०० वर्षं पेट्रोलच्या मागे लावलं"

ही कंपनी बुडाल्यावर इलेक्ट्रिक गाड्या संपल्या नाहीत, वाढल्या! १९१२ मध्ये अमेरिकेत ३३,००० च्या वर इलेक्ट्रिक गाड्यांची नोंद होती. डेट्रॉइट इलेक्ट्रिक नावाची कंपनी १९०७ लाच गाड्या बनवायला लागली आणि १९३९ पर्यंत टिकून तिने १३,००० च्या आसपास गाड्या बनवल्या. तिची एक गाडी कोण चालवायचं माहितीये? क्लारा फोर्ड, हेन्री फोर्डची बायको. आणि स्वतः फोर्डने १९१४ च्या सुमारास एडिसनबरोबर स्वस्त इलेक्ट्रिक गाडी काढायचा घाट घातला होता, त्यात बराच पैसा ओतला, पण एडिसनची निकेल-लोखंडाची बॅटरी त्या कामाला पुरी पडली नाही.

फक्त त्याच १९१२ मध्ये एकूण मोटारी ९ लाखांच्या वर गेल्या होत्या, म्हणून ३३,००० चा आकडा किरकोळ वाटतो. १९०७ मध्ये अमेरिकेतल्या दहातल्या एका घरातसुद्धा वीज नव्हती, मग शेतावरचा माणूस गाडी चार्ज करणार कुठे? पेट्रोलचा डबा मात्र वाण्याकडे मिळायचा. १९१२ मध्ये कॅडिलॅकला केटरिंगचा सेल्फ स्टार्टर बसला, हँडल मारून हात मोडून घ्यायची कटकट गेली, आणि विजेच्या गाडीचा उरलासुरला मोठा फायदाही गेला. यात कट कुठे आहे मला दाखवा.

आणि तो फोटो

फॉरवर्डसोबत एक फोटो येतो, लांब कपड्यातली बाई एका मोठ्या उघड्या पॅनेलजवळ उभी राहून गाडी चार्ज करतेय, खाली लिहिलंय "न्यूयॉर्कची इलेक्ट्रिक टॅक्सी, १९००". ती टॅक्सी नाही. ती घरगुती वापराची कोलंबिया व्हिक्टोरिया आहे, १९०६ च्या सुमाराची, याच कंपनीच्या काळातली. शेजारचं पॅनेल म्हणजे जनरल इलेक्ट्रिकचा मर्क्युरी आर्क रेक्टिफायर, घरी येणारा एसी करंट बॅटरीसाठी डीसी करून देणारा. आणि फोटो काढलाय तो १९१२ च्या आसपास, म्हणजे "रॉकफेलरने दाबून टाकल्यावर" पाचेक वर्षांनी बाई घरच्या घरी निवांत चार्जिंग करतायत. फॉरवर्ड पाठवायचाच असेल तर निदान कॅप्शन तरी बदलून पाठवा.